कणीस आमचं, ताट त्यांचं

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा गावात जो तो दाण्याबद्दल बोलत होता. दाणा कसा टपोरा, भाकरी कशी पांढरीशुभ्र, शिळी झाली तरी कशी मऊ राहते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आत्यांनी, सगळं ऐकून घेतलं आणि गोठ्याकडे बघत एवढंच विचारलं, "आन् कडब्याला न्हाई दिलं व्हय काय?"

मी शहरातली. लग्न होऊन इथे आले तेव्हा वैरण म्हणजे धान्य काढून झाल्यावर जे उरतं ते, अशी माझी समजूत होती. आज गोठ्यात संकरित गाई सहा, पंढरपुरी म्हशी दोन आणि खिलाराची एक जोडी आहे. रान सात एकर, विहीर एक, तीही मार्चपर्यंतच. पंचवीस-सव्वीस वर्षांत जे चुकत-माकत शिकले ते इथे लिहिते आहे. ज्या धड्याची किंमत जास्त मोजली त्यावर जास्त लिहिलं आहे.

१. वैरणीला चांगलं रान द्यावं लागतं.

पहिली काही वर्षं आम्ही चाऱ्याचा मका ओढ्याकडेच्या चिबड तुकड्यात टाकायचो, कारण तिथे दुसरं काही येत नव्हतं. तिथे मकाही येत नव्हता. पिवळा पडायचा, कमरेएवढा होऊन थांबायचा आणि आम्ही बियाणाला शिव्या द्यायचो. एका वर्षी हिशेब मांडला. दुधाचे पैसे दर दहा दिवसांनी घरात येतात, कांद्याचे वर्षातून एकदा आणि तेही आले तर. तरी कांद्याला विहिरीजवळचं रान आणि दुधाला चिबड! त्यानंतर विहिरीलगतचा दीड एकर वैरणीचा झाला. त्याला शेणखत, त्याला पहिलं पाणी. घरात यावरून बरीच वादावादी झाली, ती इथे सांगत नाही.

२. बी किती टाकायचं, ते वैरण कशी घालणार यावर ठरतं.

आफ्रिकन टॉल मका पहिल्यांदा आणला तेव्हा मी तो दाण्याच्या मक्यासारखा पेरला, एकरी आठ किलो. मका आठ-नऊ फूट झाला. बघायला लोक आले. गाईंनी मात्र पानं ओरबाडून खाल्ली आणि मनगटाएवढी धाटं गव्हाणीत तशीच ठेवली. रोज सकाळी पाटीभर चगळ उकिरड्यावर जात होतं. हिरवा चारा म्हणून घालायचा असेल तर एकरी तीस किलो बी लागतं. दाटीने ताट बारीक राहतं, मऊ राहतं, बुडापासून शेंड्यापर्यंत खाल्लं जातं. उंची कमी भरते, वजन भरतं. ज्वारीच्या कडवळाचंही तेच, एकरी सोळा किलो.

मुरघासाला मात्र हे लागू नाही. तिथे कणीस भरलेलं हवं, कारण मुरघासाचा कस निम्मा दाण्यात असतो. म्हणून त्याला पुन्हा पातळ पेरणी. हे कळायला मला तीन हंगाम लागले.

३. किराळ.

यावर मी पहिल्यांदाच लिहिते आहे.

त्या वर्षी जूनला पेरलेलं कडवळ ऑगस्टमध्ये कापलं. मग पावसाने ओढ दिली. खोडांना धुमारे फुटले, हिरवेगार, वीतभर, मग गुडघ्याएवढे. उन्हात बाकी सगळं रान करपलेलं आणि एवढाच तुकडा तजेलदार. दुपारी माणसं जेवून जरा आडवी झाली आणि दोन जनावरं दावं तोडून त्यात शिरली. एक दुभती गाय, एक दीड वर्षाची कालवड. मला दिसलं तेव्हा मी हसले होते. म्हटलं, खाऊ दे, दोन घास हिरवं मिळालं तर मिळालं.

आत्या ओसरीवरून उठून अनवाणी पळत आल्या. "किराळ लागंल, हाकल भाईर!" असं ओरडत. आम्ही दोन्ही जनावरांना बाहेर काढलं, दावणीला बांधलं. पाऊण तासाच्या आत कालवड थरथरायला लागली. तोंडाला फेस, मान ताणलेली, श्वास असा ओढायची की बरगड्या मोजून घ्याव्यात. मी तिचा ओठ वर करून बघितला. गुदमरलेल्या जनावराच्या हिरड्या निळ्या पडतील असं मला वाटत होतं. त्या लालभडक होत्या. नंतर डॉक्टरांनी सांगितलं की तीच खूण. रक्तात प्राणवायू असतो, पण शरीराला तो वापरता येत नाही, म्हणून रक्त लाल ते लालच राहतं.

ज्वारीच्या कोवळ्या पानांत एक द्रव्य असतं, त्यातून जनावराच्या पोटात सायनाइड सुटतं. रोप गुडघ्याच्या आत असताना, पाण्याचा ताण बसलेला असताना आणि कापलेल्या खोडाला फूट आलेली असताना ते सर्वांत जास्त. आमच्या तुकड्यात तिन्ही गोष्टी एकदम होत्या. पीक फुलोऱ्यात आलं की हे प्रमाण उतरतं. पक्व ज्वारीच्या कडब्याला ही भीती नाही.

शेजारच्यांनी ताक पाजायला सांगितलं. एकाने गुळाचं पाणी आणलं. त्यांचा जीव तुटत होता, त्यांना दोष देत नाही. पण धापा टाकणाऱ्या जनावराच्या घशात काही ओतलं तर ते पोटाऐवजी फुफ्फुसात जातं. डॉक्टर मोटारसायकलवरून चाळीस मिनिटांत पोचले. तोवर कालवड गेली होती. गाय उभी होती, झोकांड्या खात होती. तिला शिरेतून एकामागून एक दोन इंजेक्शनं दिली, सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट. तासाभरात ती शेपटी हलवायला लागली. संध्याकाळी तिने धार दिली नाही, आणि कुणी काढायलाही बसलं नाही.

तेव्हापासून आमच्या घरचे नियम ठरलेले आहेत. कडवळ फुलोऱ्याआधी कापायचं नाही. पावसाने ओढ दिली असेल तर पाणी देऊन, पीक सावरल्यावरच कापायचं. कापणी झाली की फुटव्याचा मोह न धरता नांगर घालायचा, किंवा फुटवा फुलोऱ्यापर्यंत राखायचा असेल तर तुकड्याला कुंपण आणि जनावराला दुहेरी दावं. रोज जाता-येता मला तो तुकडा दिसतो. त्यात आता मका असतो.

४. उंची बघून कापू नका, कणीस मोडून बघा.

मक्याला वैरण म्हणून कापायची वेळ कुठली, असं विचारलं तर दहा जण दहा उत्तरं देतील. मी कणीस मधोमध मोडते आणि तुटलेल्या तोंडाकडचे दाणे बघते. दाण्याच्या वरच्या बाजूला पिवळा घट्ट भाग असतो आणि खाली टोकाकडे पांढरा चीक. दोघांमध्ये एक रेघ दिसते. रेघ वरच असेल तर मका अजून पाणीदार आहे. ती निम्म्यावर उतरली की मुरघासाला योग्य. पार बुडाला गेली की उशीर झाला, ताट लाकूड झालं. रोज ओलं कापून घालायचं असेल तर एवढं थांबायचं नाही, तुरा आणि स्त्रीकेसर आले की सुरुवात करायची, म्हणजे साधारण साठ-पासष्ट दिवसांनी. आणि सुरुवात केली तरी दीड एकर एका दिवसात जनावरं खात नाहीत. शेवटची सरी कापेपर्यंत महिना जातो. म्हणून आता एकदम न पेरता पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन तुकडे पेरते.

वेळेचा हाच खेळ ज्वारीत वेगळ्या रीतीने आहे. आमच्याकडे दाणा कडक वाळेपर्यंत ज्वारी उभी ठेवायची पद्धत. तोवर पानं कडकडीत होतात आणि काढताना निम्मी रानातच गळतात. जनावर खातं ते पान. आत्यांनी मला दाण्याच्या बुडाशी येणारा काळा ठिपका दाखवला. नखाने दाणा काढून उलटा केला की दिसतो. ठिपका आला म्हणजे दाण्यात आता नवं काही भरणार नाही. मग ताट हिरवट असतानाच काढून घ्यायचं, कणसं खुडून खळ्यावर वाळवायची. दाण्यात छटाक कमी होत नाही आणि कडब्याला पानं राहतात. हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे. पुढे एका शिवारफेरीत कृषी विद्यापीठाच्या माणसाने तोच ठिपका भिंगाखाली दाखवला, तेव्हा मला उगाचच अभिमान वाटला.

५. मुरघास पायाने होतो.

पहिल्या वर्षी पिशव्या आणल्या, कुट्टी भरली, तोंड बांधलं आणि मोकळी झाले. पंचेचाळीस दिवसांनी पिशवी उघडली तर वरचा हातभर थर काळा, मध्ये पांढरी बुरशी, आणि वास कुबट. टाकवेना म्हणून त्यातला बरा वाटणारा भाग दोन गाईंना घातला. दोन दिवस त्यांनी वैरणीला तोंड लावलं नाही, दूध निम्म्यावर आलं. एवढं होऊनही मी चार लोकांना सांगितलं की मुरघास आपल्याकडे चालत नाही. चूक मुरघासाची नव्हती, आत राहिलेल्या हवेची होती.

आता कुट्टी दोन सेंटिमीटरच्या आत. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडायची. बोटांतून रस गळला तर मका अजून ओला आहे. गोळा लगेच विस्कटला तर फार सुकला. हळूहळू उलगडला तर भरायला घ्यायचा. वीतभर थर टाकायचा आणि तुडवायचा. आमच्याकडे हे काम मुलांचं आणि त्यांना ते फार आवडतं. कडेला जास्त तुडवायचं, कारण हवा कडेलाच राहते. उंदरांनी एक भोक पाडलं तरी त्याभोवती टोपलीभर सडतं, म्हणून रोज संध्याकाळी पिशव्यांभोवती एक चक्कर आणि हातात चिकटपट्टी. नीट झालेल्या मुरघासाला वास येतो तो आंबट-गोड, रंग पिवळसर हिरवा. बुरशीचा भाग बाजूला काढून उरलेला घालायचा, हा मोह मी सोडला. शंका आली की ती टोपली उकिरड्यावर.

मुरघासाच्या मक्यावरच्या किडीचंही इथेच सांगते. २०१८ साली लष्करी अळी कर्नाटकातून आली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात मक्यावर दिसली. पोंग्यात भुसा भरल्यासारखी तिची विष्ठा दिसते. दाण्याच्या मक्यावर लोक फवारतात तसं वैरणीच्या मक्यावर फवारायचं नाही. हे पान आठवड्याने गाईच्या पोटात आणि दुसऱ्या दिवशी दुधात जाणार असतं. डब्यावर काढणीआधी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, ते वाचावं. मी पीक लहान असतानाच निंबोळी अर्क मारते आणि थोडं खाल्लेलं पान सोसते.

६. कडबा पैशात मोजू नका.

कडब्याचा भाव शेकड्यावर चालतो आणि उन्हाळ्यात तो चढला की हात खाजतो. आत्या पैशात बोलत नसत, पाचुंद्यात बोलत. पाच पेंढ्यांचा पाचुंदा, वीस पाचुंद्यांचा शेकडा. आमच्या बांधणीची पेंढी साधारण दोन किलोची. हिरवं काहीच नसेल तेव्हा एका मोठ्या जनावराला रोज तीन पेंढ्या लागतात, तेही जेमतेम तगण्यापुरत्या. वर्षाच्या झाल्या अकराशे, म्हणजे अकरा शेकडे. आमच्या कोरडवाहू रानात एकरी हजार पेंढ्या निघाल्या तर विठोबा पावला म्हणायचं. तेव्हा एक एकर ज्वारी म्हणजे एक जनावर. हा हिशेब आत्यांनी बोटांवर केला होता आणि मी कागदावर करूनही तोच आला.

२०१२च्या पावसाळ्यात तो हिशेब माझ्या लक्षात नव्हता. आदल्या उन्हाळ्यात चांगला भाव मिळाला म्हणून आम्ही अर्धी गंज विकली होती. २०१३च्या जानेवारीत गव्हाण रिकामी झाली आणि आम्ही जनावरं घेऊन छावणीत गेलो. ताडपत्रीखाली चार महिने. रोज उसाचं वाढं, त्याने जनावराचं पोट भरतं पण अंगावर मूठभर मांस चढत नाही. आत्यांनी बहात्तरचा दुष्काळ बघितला होता. छावणीत त्या एका शब्दाने मला बोलल्या नाहीत. ते जास्त लागलं.

तेव्हापासून एका वर्षाचा कडबा शिल्लक असल्याशिवाय विकायचा नाही. २०१९ साली छावण्या पुन्हा उघडल्या, तेव्हा आम्ही घरीच होतो.

वाणाचंही बोलून घेते. एका वर्षी जास्त दाणा देणारं ठेंगणं वाण आणलं. पोती खरंच भरली. कडबा मात्र ठेंगणा, जाड, आणि गाई तो हुंगून मान फिरवायच्या. आमच्या भागात मालदांडी ३५-१ अजून पेरतात. ती निवड मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात झाली. एवढी वर्षं ती टिकली त्यात जितका वाटा भाकरीचा आहे तितकाच गोड ताटाचा. नव्या वाणांत फुले वसुधा मी पेरून बघितली, ती खोल काळ्या रानात दोन्हीकडून बरी आहे. हलक्या रानात तिचा हट्ट धरू नये.

गंज रचताना बुडखे बाहेर, शेंडे आत. माथा घराच्या आढ्यासारखा निमुळता. खाली दगड आणि पळकाट्या, म्हणजे वाळवी आणि ओल दोन्ही दूर. फेब्रुवारी-मार्चचा अवकाळी हल्ली चुकत नाही, त्यामुळे ताडपत्री रचण्याच्या दिवशीच बांधायची, ढग आल्यावर नाही. भिजून काळा पडलेला कडबा जनावर खात नाही, आणि भूक लागून खाल्ला तर आजारी पडतं.

७. पाणी असेल तरच ओट.

केंट किंवा फुले हरिता, ऑक्टोबर-नोव्हेंबरात एकरी चाळीस किलो. पन्नास-पंचावन्न दिवसांनी पहिली कापणी, चार बोटं खोड ठेवून, मग महिन्याभराने दुसरी. गाई वेड्यासारख्या खातात. आमच्या विहिरीला हे दर वर्षी झेपत नाही. कालव्याच्या भागातल्या माझ्या भावजयीकडे झेपतं, तिचा मला हेवा वाटतो.

८. ट्रेमधला मका.

शेडनेट, ट्रे, फवारे, सगळं केलं. एक किलो मक्याचा आठवड्यात सहा-सात किलो हिरवा गालिचा होतो हे खरं आहे. पण वाढलेलं वजन पाण्याचं असतं. वाळवून तोललं तर मूळ एक किलोपेक्षा थोडं कमीच भरतं, कारण रोप वाढताना दाण्यातलंच खातं. पाव गुंठाही रान नसलेल्या माणसाने करावं. माझ्या ट्रेमध्ये आता कोथिंबिरीची रोपं आहेत.

९. नुसत्या तृणधान्यावर दूध टिकत नाही. मका, ज्वारी, बाजरी, ओट ताकद देतात, पण त्यांत प्रथिनं कमी. कडब्यात तर शंभर भागांत जेमतेम तीन-चार. मक्याच्या दोन ओळींत चवळीची एक ओळ आणि कडेला लसूणघासाचे चार वाफे, एवढ्याने माझा पेंडीचा खर्च डोळ्यांना दिसेल इतका उतरला.

१०. कुट्टी यंत्रावर बसणाऱ्या बायकांसाठी.

कुट्टी केली की कडबा वाया जात नाही, पाचातली एक पेंढी वाचते. यंत्र घ्याच. पण पदर कमरेला खोचून, वर जुना सदरा घालून, बांगड्या मागे सारून बसा. पेंढी अडकली तर हाताने ढकलू नका, आधी बटण बंद करा. आमच्या वस्तीवरच्या एका बाईची दोन बोटं गेली. तिने बटण बंद केलं होतं. पातं थांबायची वाट बघितली नव्हती.

११. शेवटचं काम फुकट आहे.

माझी गाय वाचली ती डॉक्टरांच्या पेटीत त्या दिवशी दोन्ही इंजेक्शनं होती म्हणून. ती दर वेळी असतात असं नाही, हे मला नंतर कळलं. तुम्ही कडवळ पेरणार असाल तर बी आणायला जाताना वाटेत जनावरांच्या दवाखान्यात डोकवा. किराळीचं औषध शिल्लक आहे का, नसेल तर जवळ कुठे मिळेल, आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, एवढं विचारा. नंबर गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नको. जनावर पडतं तेव्हा मोबाइल घरातल्या पोराच्या हातात असतो.